लायगो-इंडिया (औंढा नागनाथ)

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, दुधाळा गावच्या शिवारात उभारली जात असलेली गुरुत्वीय लहरींची वेधशाळा. आकाशाकडे रोखलेली दुर्बीण इथे नसेल. काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी ४ किमी लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून धावणारा लेझर आणि टोकांना टांगलेले आरसे हा तिचा गाभा. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे 'लायगो' नावाच्या अशाच दोन वेधशाळा आहेत. औंढ्याची त्याच घडणीची तिसरी. औंढ्याचे नाव आजवर घेतले जाई ते नागनाथाच्या ज्योतिर्लिंगासाठी आणि नामदेवांना विसोबा खेचर इथे भेटले म्हणून. आता ते भौतिकशास्त्राच्या शोधनिबंधांतही येते.

प्रचंड वस्तुमानाचे दोन पिंड एकमेकांभोवती फिरत एकमेकांत मिसळले की अवकाश-काळात लहरी उठतात. अशा गुरुत्वीय लहरी असाव्यात, हे आइन्स्टाइनने १९१६ मध्ये मांडले. लहर जाते तेव्हा एका दिशेचे अंतर किंचित ताणले जाते आणि काटकोनातले आखडते. हे 'किंचित' म्हणजे किती, ते समजून घ्यायला हवे, कारण या क्षेत्रातल्या माणसांची अख्खी हयात त्या एका शब्दामागे जाते. ४ किमीच्या नळीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान असतो. जवळून ट्रक गेला, वारा सुटला, दूरच्या किनाऱ्यावर लाटा आपटल्या, तरी जमीन त्याहून अब्जावधी पटींनी जास्त हलते.

म्हणून आरसा जमिनीवर बसवत नाहीत, टांगतात. सुमारे ४० किलो वजनाचा, ३४ सेंमी व्यासाचा हा काचेचा गोल ठोकळा एकाखाली एक लटकणाऱ्या चार लंबकांतला सर्वांत खालचा. त्याला पेलणारे चार धागेही काचेचेच; जाडी जेमतेम ०.४ मिमी. नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या हिश्शाइतका खाली आणावा लागतो. ४ किमी अंतरात पृथ्वीची गोलाई मीटरभराहून जास्त भरते, तेव्हा नळी सरळ राहावी म्हणून पायाच तेवढा सावरून घ्यावा लागतो.

एवढे करूनही यंत्राला भलतेच ऐकू येते. हॅनफर्डच्या नोंदींत एकदा उगम न कळणाऱ्या टोचण्या दिसू लागल्या. माग काढत माणसे द्रव नायट्रोजनच्या पाइपपाशी पोचली, तर त्यावर साचलेल्या बर्फात चोचींच्या खुणा! तहानलेले डोमकावळे बर्फ टोचत होते. गुरुत्वीय लहरींवर काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाची कारकीर्द बव्हंशी अशीच जाते: एकेक गोंगाट ओळखायचा, त्याचे मूळ शोधायचे, तो बंद करायचा आणि पुढच्याकडे वळायचे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रेनर वाइस यांनी १९७२ मध्ये एमआयटीच्या एका अहवालात अशा गोंगाटांचा हिशेब मांडला होता. अमेरिकेतल्या वेधशाळांचे बांधकाम १९९४ मध्ये सुरू झाले. २००२ ते २०१० या काळातल्या निरीक्षणांत एकही लहर सापडली नाही. त्या वर्षांत डॉक्टरेट करणाऱ्या कित्येकांचे प्रबंध 'लहर अमुक मर्यादेपेक्षा मोठी नाही' याच निष्कर्षावर उभे आहेत, आणि पुढच्या यशात त्यांचा वाटा जराही कमी नाही.

भारतातले काम यंत्राच्या आधी गणितातून सुरू झाले. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये धक्का बसलेले कृष्णविवर ठरावीक सुरात थरथरून शांत होते, हे दाखवले. बाला अय्यर यांनी फ्रेंच सहकाऱ्यांसोबत लहरींचे आकार बारकाईने काढले. पुण्याच्या आयुकामधले (खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठ केंद्र) संजीव धुरंधर यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता: गोंगाटात पूर्ण बुडालेला संकेत बाहेर काढायचा कसा? हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा लिलाव रंगात असताना आपल्या माणसाची हाक तेवढी कानाला कळते, कारण तो आवाज आधीच ओळखीचा असतो. तसेच लहरीचे अपेक्षित आकार आधी गणिताने काढून ठेवायचे आणि नोंदींवर एकेक करून ताडून पाहायचे. किती नमुने घ्यावेत आणि किती अंतराने, यावरचा बी. एस. सत्यप्रकाश आणि धुरंधर यांचा निबंध १९९१ चा. पहिली लहर सापडायला त्यानंतर २४ वर्षे लागली.

ती आली १४ सप्टेंबर २०१५ ला. लिव्हिंग्स्टनला आधी, हॅनफर्डला सुमारे ७ मिलिसेकंदांनी. सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षांवर एकमेकांत मिसळली होती. तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेले. यंत्रावर उमटला सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचा संकेत. २०१७ चे नोबेल वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना मिळाले. शोधनिबंधावर मात्र हजाराहून अधिक नावे आहेत, आणि या शास्त्राची खरी रीत तीच आहे.

शोधाची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ला झाली. १७ फेब्रुवारीला केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. अंतिम मंजुरीला एप्रिल २०२३ उजाडले (खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये). मधली सात वर्षे, वाट पाहण्याची सवय असलेल्या या क्षेत्रालाही, फार लांब गेली. वेधयंत्राचे मुख्य भाग अमेरिकेकडून येतील; जागा, इमारती आणि निर्वात नळ्या भारताच्या. आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय मिळून हे काम करत आहेत. वेधशाळा २०३० च्या सुमारास सुरू व्हावी अशी अपेक्षा आहे.

औंढाच का? समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आसपास मोठे कारखाने नाहीत, खाली दख्खनचा बेसाल्ट. विकासाच्या मोजपट्टीवर मराठवाड्याची उणीव म्हणून जे सांगितले जाते, त्यातलेच काही इथे गुण ठरले. भूकंपाची शंका कुणीही विचारेल, आणि ती रास्त आहे: ३० सप्टेंबर १९९३ चे किल्लारी मराठवाडा विसरलेला नाही, आणि २०२४ मध्ये हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. इमारती आणि टांगणी त्या हिशेबाने मजबूत हव्यातच. पण धक्का क्वचित बसतो आणि त्या वेळची नोंद बाजूला काढता येते. वेधशाळेची रोजची अडचण असते ती कधीच न थांबणारी बारीक थरथर, आणि तीच इथे कमी आहे.

औंढ्याची खरी गरज दिशेसाठी आहे. दोनच वेधशाळा असल्या की लहर कुठून आली हे आकाशाच्या एका लांबट पट्ट्याएवढेच कळते. पहिल्या लहरीचा पट्टा सुमारे ६०० चौरस अंशांचा होता. १७ ऑगस्ट २०१७ ला इटलीची व्हर्गो ही वेधशाळा सोबतीला होती, तेव्हा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची जागा सुमारे २८ चौरस अंशांत सापडली. दुर्बिणींनी तासाभरात नव्हे, पण त्याच रात्री नेमकी दीर्घिका गाठली. पुढे नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही त्या स्फोटाचे रेडिओ किरण टिपले. इतर वेधशाळांपासून दूर असलेल्या औंढ्यामुळे हा पट्टा आणखी आक्रसेल.

हे काम फक्त कृष्णविवरांच्या अभ्यासकांचे नाही. किलोमीटरच्या किलोमीटर पोलादी नळीचा प्रत्येक जोड सुईच्या टोकाएवढ्याही गळतीसाठी तपासावा लागतो. लेझर, निर्वात तंत्र, नियंत्रणाचे इलेक्ट्रॉनिक्स, संगणकीय विश्लेषण या प्रत्येकाला वर्षानुवर्षे टिकणारी माणसे लागतात. आयुकाची दारे विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना खुली आहेत. नांदेड किंवा संभाजीनगरला आज बीएस्सी करणारी मुलगी वेधशाळा चालू होईल तेव्हा नुकती संशोधनाला लागलेली असेल, आणि तिला यंत्र पाहायला औंढ्याची एसटी पुरेल.