पिवळं रेशनकार्ड नाही म्हणून मोफत वकील नाही?

परभणी-बीडकडच्या तहसील कचेऱ्यांबाहेर एक समज पक्का बसलाय: सरकारी खर्चाचा वकील फक्त पिवळ्या रेशनकार्डवाल्याला, तोही कोर्टात केस असेल तरच. दोन्ही गोष्टी चुकीच्या.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 चं कलम 12 बघा. उत्पन्नाची अट आहे, पण ती सगळ्यांसाठी नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्ती यांना ती लागूच नाही. दहा एकर बागायत असली तरी दिव्यांग माणसाचा हक्क जात नाही. शिवाय कायद्यातल्या ‘विधी सेवे’त सल्लाही येतो आणि कोर्टाबाहेरच्या प्राधिकरणापुढचं कामही.

निराधार आणि दिव्यांगांना दरमहा मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेचा साधा अर्ज भरायला वकील लागत नाही. एजंट तर नाहीच नाही. (योजनेची स्वतःची उत्पन्नमर्यादा मात्र आहे, ती वेगळी. गोंधळ बहुधा इथूनच सुरू होतो.) वकिलाचा खरा उपयोग अर्ज फेटाळल्यावर. आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबाबतचा निर्णय मान्य नसेल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं.

जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती. नाहीतर 15100 वर फोन करा.