‘टर्मिनेटर’ आणि ओ. जे. सिम्पसन: खरं काय?

‘१९८४च्या ‘द टर्मिनेटर’मध्ये यंत्रमानवाची भूमिका आधी अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनला दिली होती, पण हा भला माणूस खुनी वाटणार नाही म्हणून त्याला काढलं’ ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय. पुढे १९९४मध्ये त्याच्यावरच खुनाचे आरोप झाले (१९९५मध्ये तो निर्दोष सुटला), त्यामुळे ती फारच चविष्ट झाली.

त्यात तथ्य एवढंच, की ओरायन या चित्रपट कंपनीच्या माइक मेडावॉय यांनी सिम्पसनचं नाव सुचवलं होतं. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांना ते पहिल्यापासूनच पटलं नाही. भूमिका दिलीच नव्हती, तर काढणार कशी? गंमत म्हणजे २०१९मध्ये शेवटी ही भूमिका करणाऱ्या खुद्द अरनॉल्ड श्वार्झनेगरनेच ही दंतकथा पुन्हा सांगितली आणि कॅमेरॉनना ती खोडावी लागली.

कॅमेरॉनच्या मनात सुरुवातीला होता अभिनेता लान्स हेन्रिक्सन, गर्दीत सहज मिसळणारा चेहरा. श्वार्झनेगरचं नाव तर नायक काइल रीससाठी पुढे आलेलं. त्याला नाकारायचं ठरवूनच कॅमेरॉन त्याच्यासोबत जेवायला गेले आणि परतले ते टर्मिनेटर सापडल्याच्या खुशीत. हेन्रिक्सनच्या वाट्याला पोलीस अधिकारी वुकोविच आला.