धर्मादाय रुग्णालयातली राखीव खाट कशी मिळवायची

दारात काचा, तळमजल्यावर कॉफीचं दुकान, वर डीलक्स खोल्या. अशी मुंबई-पुण्यातली कितीतरी मोठी रुग्णालयं कागदोपत्री सार्वजनिक न्यास, म्हणजे धर्मादाय ट्रस्ट आहेत. त्यामुळे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक त्यांना लागू होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिलेल्या योजनेनुसार त्यांना एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. गेटवरचा झगमगाट पाहून 'हे आपल्यासाठी नाही' म्हणत माघारी फिरणारे अनेक जण खरं तर या योजनेत बसणारे असतात.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटकातला धरतात. निर्धनाला उपचार मोफत, तर दुर्बलाला ५० टक्के सवलत. बाकीच्या रुग्णांच्या बिलातले २ टक्के बाजूला काढून 'निर्धन रुग्ण निधी' उभा राहतो आणि यांचा खर्च त्यातून भागतो. म्हणून 'आमच्यावर उपकार करा' असा सूर लावू नका. पैसे त्याच कामासाठी ठेवलेले असतात.

कागद थोडेच लागतात: रुग्णाचं आधार कार्ड, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरांची चिठ्ठी, तपासण्यांचे रिपोर्ट. सगळं अडतं ते दाखल्यापाशी. तो सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून काढता येतो, पण हातात पडायला दिवस जातात. घरात डायलिसिस, हृदयविकार, कर्करोग असं काही चालू असेल तर दाखला आधीच काढून ठेवा. मुदत कधी संपते तेही बघा.

रुग्णालयात गेल्यावर बिलिंगच्या खिडकीवर वेळ घालवू नका. थेट वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचारा, कारण अर्ज तेच भरून घेतात. आणि हे दाखल होतानाच करा. माझ्या पाहण्यात सर्वात जास्त घोळ इथेच होतो. नातेवाईक धावपळीत अनामत भरून टाकतात, आठ दिवसांनी बिल बघून योजनेचं नाव काढतात, आणि तोवर रुग्णाची नोंद राखीव नसलेल्या खाटेवर झालेली असते. मग भांडण वाढतं, सवलत मिळतेच असं नाही.

तातडीचा रुग्ण असेल तर गोष्ट वेगळी. जीव वाचवण्यापुरते उपचार आधी करायचे आणि त्यासाठी अनामत मागायची नाही, असं योजनेतच लिहिलं आहे. कागद मागाहून दिले तरी चालतात.

'राखीव खाटा भरल्या आहेत' हे उत्तर हमखास मिळतं. कधी ते खरंही असतं. तरी अशा न्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर त्या रुग्णालयाच्या राखीव खाटांची स्थिती पाहून घ्या, आणि नकार लेखी मागा. लेखी मागितलं की सूर बरेचदा बदलतो. नाहीच बदलला, तर अर्जाची प्रत, दाखला आणि कोण, किती वाजता काय म्हणालं याची टिपणं घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार द्या. तक्रारीच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका.