म्हातारी झालेली कर्कपेशी मेलेली नसते

जठराच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये एखादं जनुक बंद केलं आणि त्या पेशींना वार्धक्य आलं, असं संशोधन आलं की बातमीचा मथळा ठरलेला: ‘कर्करोगाच्या पेशी मारण्यात यश’. बायोटेकच्या सेमिनारमध्येही हेच ऐकू येतं, तेव्हा खरंच चीड येते. पेशीचं वार्धक्य म्हणजे सेनेसन्स, पेशीचं ठरवून मरण म्हणजे अपॉप्टोसिस. दोन्हींत ट्यूमरची वाढ मंदावते, म्हणून गल्लत होते.

अपॉप्टोसिस बहुतेकांना माहीत आहे. कॅस्पेझ नावाची, प्रथिनं कापणारी विकरं (एन्झाइम्स) कामाला लागतात, पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि भक्षक पेशी ते गिळतात. पेशी उरतच नाही.

सेनेसन्समध्ये ती उरते, आणि सगळी गोम इथेच आहे. पी५३-पी२१ किंवा पी१६-आरबी या विभाजन रोखणाऱ्या प्रथिनांच्या जोड्यांचा ब्रेक लागतो, विभाजन थांबतं, पण चयापचय चालूच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोठी आणि पसरट दिसते. पीएच ६ ला बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराची चाचणी केली की निळी होते. शिवाय ती आयएल-६, आयएल-८ सारखे संदेशरेणू आणि भोवतालचं जाळं कुरतडणारी विकरं बाहेर सोडते. त्यामुळे रोगप्रतिकारक पेशी धावून आल्या तर उत्तमच. पण तेच रेणू शेजारच्या, अजून न थांबलेल्या कर्कपेशींना पसरायला वाट करून देऊ शकतात. ‘म्हातारी झाली, म्हणजे आता रोग पसरणार नाही’ हा निष्कर्ष परस्पर काढता येत नाही.

पुरावा म्हणून बहुधा ओरखड्याची चाचणी दाखवतात. पेशींच्या थरावर पिपेटच्या टोकाने रेघ ओढायची आणि ती किती बुजते ते पाहायचं. पण ज्या पेशी विभागतच नाहीत, त्यांची रेघ तशीही उशिरा बुजणार! मायटोमायसिन हे विभाजन थांबवणारं औषध घालून दोन्ही गटांचं, म्हणजे जनुक बंद केलेल्या आणि न केलेल्या पेशींचं, विभाजन आधी रोखलेलं नसेल, तर त्या आकृतीवरून पेशींचं स्थलांतर कमी झालं असं मी मानत नाही.

जनुक एसआयआरएनएने (आरएनएच्या छोट्या तुकड्यांनी) दाबलं की क्रिस्परने (जनुक कापणाऱ्या तंत्राने) तोडलं, हा फरक इथे दुय्यम. जनुक कोणतं, हे मात्र पाहायलाच हवं. जठराच्या ट्यूमरमध्ये पी१६ आणि ई-कॅडहेरिन (पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रथिन) यांची जनुकं मिथाइलेशनमुळे, म्हणजे डीएनएवर मिथाइल गट चिकटल्यामुळे, आधीच बंद पडलेली अनेकदा सापडतात. पहिलं बंद म्हणजे वार्धक्याचा एक ब्रेक गेला, दुसरं बंद म्हणजे पेशींची एकमेकींवरची पकड सुटली. ही बंदी रोगाच्याच पथ्यावर पडते. ईझेडएच२ या जनुकाची गोष्ट वेगळी: ते स्वतःच इतर जनुकांची तोंडं दाबतं, आणि ते बंद केल्यावर जठराच्या कर्कपेशींमध्ये ई-कॅडहेरिन परत आलेलं दिसलं आहे.