पेशीने मेन कॉक बंद केला आणि परत उघडलाच नाही तर?

लहान मुलांचा एक दुर्मिळ आजार आहे, व्हॅनिशिंग व्हाइट मॅटर. मूल दोन-चार वर्षांचं होईपर्यंत चांगलं चालतं, बोलतं, पळतं आणि मग कधीतरी साधा ताप येतो किंवा खेळताना पडून डोक्याला टेंगूळ येतं, आणि तिथून त्याचा तोल जायला लागतो, काही मुलं तर कोमात जातात. एमआरआय काढला तर मेंदूतला पांढरा भाग विरघळून तिथे पाणी भरल्यासारखं दिसतं. नुसत्या तापाने एवढं? ॲमस्टरडॅमच्या डॉ. मार्यो व्हान डर क्नाप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या आजाराचे जीन शोधून काढले, तेव्हा गंमत अशी निघाली की बिघाड मेंदूच्या कुठल्या खास प्रोटीनमध्ये नव्हताच, तो होता ईआयएफ२बी नावाच्या प्रोटीनमध्ये जे शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतं. पेशीत कुठलंही नवीन प्रोटीन बनायला सुरुवात होते तेव्हा ईआयएफ२ नावाचा एक मदतनीस खर्ची पडतो, त्याला परत तयार करून कामाला लावायचं काम या ईआयएफ२बीचं.

आता हे काम अडतं कधी? पेशीवर स्ट्रेस आला की. (ऑफिसचं टेन्शन नाही हं, पेशीवरचा ताण.) व्हायरस शिरला, अमिनो ॲसिड कमी पडली, किंवा चुकीच्या घडीची प्रोटीनं साचली की पेशीतले पहारेकरी एन्झाइम जागे होतात. असे चार आहेत, त्यातला मेंदूच्या आजारांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चर्चेतला म्हणजे पर्क. चौघेही शेवटी एकच गोष्ट करतात, ईआयएफ२ वर एक फॉस्फेट चिकटवतात, आणि असा फॉस्फेटवाला ईआयएफ२ जाऊन ईआयएफ२बीलाच जखडून टाकतो. सोसायटीत पाइप फुटला की प्लंबर यायच्या आधी कोणीतरी पळत जाऊन मेन कॉक बंद करतो ना, तसंच हे, नवीन प्रोटीनचा पुरवठाच बंद, आधी दुरुस्ती. एक-दोन तासांसाठी एकदम शहाणपणाचं काम. (ज्या मुलांचं ईआयएफ२बी मुळातच बिघडलेलं, त्यांना तापाचा ताणही का झेपत नाही ते यावरून लक्षात येईल.) पण कॉक तसाच राहिला तर?

न्यूरॉनला, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशीला, हे परवडत नाही. सिनॅप्सवरची, म्हणजे दोन न्यूरॉनमधल्या जोडणीवरची प्रोटीनं सतत बदलत राहावी लागतात आणि दीर्घकाळ टिकणारी आठवण तयार व्हायलाही नवीन प्रोटीन लागतं. इंग्लंडमधल्या जिओव्हाना मालुची यांच्या ग्रुपने २०१२ मध्ये प्रायॉन आजार (चुकीच्या घडीच्या प्रोटीनमुळे होणारा मेंदूचा आजार) असलेल्या उंदरांमध्ये नेमकं हेच दाखवलं. प्रायॉनची चुकीची प्रोटीनं साचत गेली, पर्क जागा झाला, कॉक बंद झाला, सिनॅप्सची प्रोटीनं संपली, मग सिनॅप्स गेले आणि मग न्यूरॉन मेले. त्यांनी कॉक उघडणारं प्रोटीन वाढवलं तर उंदीर जास्त जगले, आणि उलट कॉक बंद ठेवणारं रसायन दिलं तर लवकर मेले. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही की प्रायॉनचं प्रमाण कमी झालंच नव्हतं. कचरा तेवढाच, पण पेशी वाचली.

२०१३ मध्ये त्यांनी पर्कला रोखणारं औषध तोंडाने देऊन बघितलं, मेंदू वाचला पण स्वादुपिंडाला मार बसला आणि उंदरांचं वजन उतरलं, कारण इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींना पर्क रोज लागतो. मग जुन्या औषधांमध्ये शोधताना डिप्रेशनवरचं ट्रॅझोडोन सापडलं, २०१७ चं काम, तेही उंदरांवरच, त्यामुळे कोणी आजोबांना मेमरीसाठी म्हणून मनाने सुरू करू नका. दुसरीकडे अमेरिकेतले शास्त्रज्ञ पीटर वॉल्टर यांच्या लॅबमधून २०१३ मध्ये इस्रिब नावाचा रेणू आला जो थेट ईआयएफ२बीलाच घट्ट धरून त्याला चालू ठेवतो, उंदरांची स्मरणशक्ती वाढली, खूप गाजावाजा झाला. त्याच तत्त्वावरची दोन औषधं एएलएसच्या (स्नायू हलवणारे न्यूरॉन मरत जाणारा आजार) पेशंटवर तपासली आणि २०२५ च्या सुरुवातीला निकाल आला, दोन्ही मुख्य निकषावर फेल. उंदरापासून माणसापर्यंत यायला किती लांबचा पल्ला आहे बघा.

हे झालं कॉकचं. पण स्ट्रेसमध्ये सगळंच बंद होत नाही, काही प्रोटीनं मुद्दाम वाढतात. १९६० च्या सुमारास इटलीत फेरुचिओ रितोसा चिलटांवर (केळ्याभोवती घोंगावणारी तीच) काम करत होते, कोणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं आणि अळीच्या लाळग्रंथीतल्या क्रोमोसोमवर नवीनच फुगे दिसले, म्हणजे तिथले जीन चालू झाले होते. एका नामांकित जर्नलने पेपर नाकारला, शेवटी १९६२ मध्ये दुसरीकडे छापून आला. फुग्यांमधून कुठली प्रोटीनं बनतात ते कळायला १९७४ उजाडलं. हीच ती हीट शॉक प्रोटीनं. एचएसपी७० सारखी प्रोटीनं घडी सुटलेल्या प्रोटीनला चिकटून त्याला नीट घडी घालायला मदत करतात, नाहीतर विल्हेवाटीला पाठवतात. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात सुभाष लाखोटिया यांच्या लॅबने याच चिलटांवर अनेक दशकं काम केलंय.

अमेरिकेत नॅन्सी बोनिनी यांनी १९९९ मध्ये चिलटांच्या डोळ्यात माणसाच्या एका अटॅक्सियाचं (शरीराचा तोल जाणाऱ्या आजाराचं) बिघडलेलं प्रोटीन घातलं, डोळे खराब झाले, सोबत जादा एचएसपी७० दिलं तर वाचले. २००२ मध्ये पार्किन्सनच्या प्रोटीनबाबतही तसंच. आणि अटॅक्सियाच्या प्रयोगात परत तीच गोष्ट, प्रोटीनच्या गुठळ्या जशाच्या तशा! म्हणून मला वाटतं की मेंदूच्या आजारात फक्त गुठळ्या साफ करायच्या मागे लागणं अर्धवट आहे, पेशी त्या गुठळ्यांना कसं तोंड देते तेही तेवढंच बघायला हवं.

मग द्या की सगळ्यांना हीट शॉक प्रोटीन वाढवणारं औषध? इतकं सोपं नाही. काही न्यूरॉन, खासकरून स्नायू हलवणारे मोटर न्यूरॉन, हा प्रतिसाद द्यायला मुळातच आळशी असतात. आणि हीच प्रोटीनं कॅन्सरच्या पेशींनाही जगायला मदत करतात, त्यामुळे वर्षानुवर्षं वाढवून ठेवायची म्हणजे धाकधूक आलीच. अरिमोक्लोमॉल नावाचं औषध आधीच ताणाखाली असलेल्या पेशींमध्येच हा प्रतिसाद वाढवतं असं मानतात. २०२१ मध्ये एएलएसच्या ट्रायलमध्ये ते आपटलं. पण सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत त्यालाच मंजुरी मिळाली, मिग्लुस्टॅट नावाच्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने, नीमन-पिक सी नावाच्या वेगळ्याच आजारासाठी, ज्यात पेशीत कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ तुंबतात आणि मुलांचा मेंदू हळूहळू जातो.