सेंटरिंग मायक्रोस्कोप: टूलरूममधून घरच्या वर्कशॉपपर्यंत

मिलिंग मशीनवर भोक पाडायला मिनिटभर पुरतं. स्पिंडलचा, म्हणजे हत्यार धरून फिरणाऱ्या दांड्याचा, अक्ष नेमका त्या जागेवर आणणं, म्हणजे सेंटर काढणं, हे खरं वेळखाऊ काम. जॉबची, म्हणजे घडवायच्या तुकड्याची, कड धरायची असेल तर तिला टेकवायचा एज फाइंडर आहे. मोठ्या भोकाचं सेंटर हवं असेल तर भिंतीला टेकून फरक दाखवणारा लीव्हर डायल लावून फिरवता येतो. पण पितळी पत्र्यावर स्क्रायबरने ओढलेल्या दोन रेघांची फुली किंवा जेमतेम 1 मिलिमीटरचं भोक असलं, की टेकवण्यासारखं काही उरत नाही. तिथे नजरच कामाला येते. सेंटरिंग मायक्रोस्कोप ती नजर थेट स्पिंडलमध्ये बसवतो. वर स्पिंडलमध्ये धरायचा दांडा म्हणजे शँक, खाली वस्तुभिंग, बाजूला डोळा लावायची तिरपी नेत्रिका, आणि आत रेटिकल नावाच्या काचेवर कोरलेली फुली व तिच्याभोवती एकात एक वर्तुळं. एकेकाळी मोठ्या टूलरूमबाहेर, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे घडवणाऱ्या खोलीबाहेर, न दिसणारं हे उपकरण आता जुन्या मालात मिळतं आणि हौशी कारागिराच्या मशीनवर चढतं.

त्याची मुळं यंत्रशाळेत नाहीत, आकाशनिरीक्षणात आहेत. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडचं भिंग अंतर्गोल होतं. तिच्यातून दिसायचं चांगलं, पण नळीच्या आत कुठेही खरी प्रतिमा तयार होत नसे, त्यामुळे आत खूण ठेवून उपयोग नव्हता. केप्लरने 1611 मध्ये दोन्ही भिंगं बहिर्गोल घेण्याची रचना मांडली. तिच्यात प्रतिमा उलटी दिसते, पण ती नळीच्या आत एका ठराविक प्रतलात उमटते. त्या प्रतलात तार ताणली तर तार आणि आकाशातला तारा दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. हे प्रथम ओळखलं ते विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज तरुणाने, 1640 च्या आसपास. त्याने दुर्बिणीत तारा बसवल्या आणि स्क्रूने सरकणारा मायक्रोमीटरही केला. 1644 मध्ये इंग्लंडच्या यादवी युद्धात तो मारला गेला आणि त्याचं काम बरीच वर्षं अंधारात राहिलं. भिंगाने मोठं दाखवणं आणि भिंगाने मोजणं यांतला फरक या बारीक तारेने पडला, आणि मला तरी या सगळ्या इतिहासातला तोच सर्वांत मोठा टप्पा वाटतो.

पुढचं शतक वर्तुळांवर अंश कोरणाऱ्या कारागिरांचं. इंग्रज उपकरणकार जेसी रॅम्सडेन यांनी इटलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेसाठी 1789 मध्ये पूर्ण केलेल्या मोठ्या वर्तुळयंत्रावर अंश वाचायला मायक्रोमीटर जोडलेले सूक्ष्मदर्शक होते. त्याच यंत्राने तिथले खगोलशास्त्रज्ञ पियाझ्झी यांना 1 जानेवारी 1801 रोजी सेरेस हा बटुग्रह सापडला. कोरलेली रेघ सूक्ष्मदर्शकाच्या फुलीखाली आणायची आणि स्क्रूवर माप वाचायचं, ही पद्धत तिथपासून अचूक मोजमापाचा पायाच झाली. दोन बिंदू वेगळे ओळखण्यापेक्षा दोन रेघा एका ओळीत आहेत का, हे मानवी डोळा कितीतरी बारकाईने ओळखतो. फुलीच्या या पद्धतीचं बळ डोळ्याच्या त्या गुणात आहे.

धातूकामात ही कल्पना आली ती घड्याळांच्या वाटेने. घड्याळाच्या दोन प्लेट्समध्ये चाकांची टोकं बसतात. भोकांमधलं अंतर किंचित चुकलं तरी दाते घासतात किंवा निसटतात. घड्याळजी चाक आणि पिनियन, म्हणजे त्याला जुळणारं छोटं दातेरी चाक, एका हत्यारात धरून त्यांची जुळणी पाहत, मग त्याच अंतराचे कंस प्लेटवर ओढत आणि कंस जिथे छेदतात तिथे भोक पाडत. एक-दोन घड्याळांसाठी हे ठीक होतं. कारखान्यात हजारो प्लेट्स सारख्या हव्या असल्या, की आधी साच्याची भोकं बिनचूक हवीत. जिनिव्हात 1862 मध्ये ओग्युस्त द ला रीव आणि मार्क तुरी यांनी स्थापन केलेली सोसिएते जनव्वाझ, म्हणजे ‘सिप’, ही मुळात भौतिकशास्त्राची उपकरणं आणि अंशांकन यंत्रं करणारी संस्था. भोकांच्या जागा खुणावणारी यंत्रं तिने याच गरजेतून बनवली, आणि 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांतूनच मोठी जिग बोअरिंग मशीन, म्हणजे जिगची (ड्रिलला वाट दाखवणाऱ्या साच्याची) भोकं नेमक्या जागी पाडणारी यंत्रं, पुढे आली.

त्याआधी टूलरूममध्ये भोकाची जागा धरण्याची रीत फार धीराची होती. जॉबवर अंदाजाने आटे पाडायचे, त्यांत छोटी गोल ‘बटणं’ सैल स्क्रूने बसवायची, मायक्रोमीटरने बटणांमधलं अंतर बरोबर येईपर्यंत ती हलवत राहायची, मग घट्ट करून जॉब लेथच्या फेसप्लेटवर लावायचा आणि एकेका बटणावर डायल फिरवून ते भोक बोअर करायचं. काम उत्तम होई, पण एका जिगमध्ये दिवस जात. जिग बोअरिंग मशीनने हे काम टेबलाच्या मापावर आणलं. सिपच्या हायड्रॉप्टिक यंत्रांत तर टेबलाची जागाच कोरलेल्या पट्टीवरून भिंगातून वाचली जाई. अमेरिकेत ब्रिजपोर्टच्या मूर कंपनीने 1932 मध्ये आपली जिग बोअरिंग मशीन आणली.

टेबल कितीही अचूक सरकलं तरी मोजायला सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न राहतोच. पहिली कड, पहिली रेघ, पहिलं भोक स्पिंडलखाली आणावंच लागतं. त्यासाठी या यंत्रांबरोबर सेंटरिंग मायक्रोस्कोप मिळू लागला. कडेसाठी सोबत एक छोटा ठोकळा असे. तो जॉबच्या बाजूला टेकवला की वर कोरलेली रेघ बरोबर कडेच्या रेषेत येते. कडेवर बर (धातूची उरलेली कोर) किंवा झीज असते, म्हणून थेट कडेकडे पाहण्यापेक्षा ती रेघ धरणं जास्त भरवशाचं.

मग ही उपकरणं जुन्या मालात का आली? संख्यात्मक नियंत्रणावर चालणारी मिलिंग मशीन एमआयटीत 1952 मध्ये दाखवली गेली, पुढे टेबलांवर जागा आकड्यांत दाखवणारे डिजिटल रीडआउट आले, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी कॉन्कॉर्ड विमानाच्या इंजिनाच्या कामातून स्पर्श होताच इशारा देणारा प्रोब तयार केला. मशीनच जॉबला स्पर्श करून सेंटर शोधू लागल्यावर नेत्रिकेवर डोळा लावून बसायची गरज कारखान्यात कमी झाली. टूलरूम बंद होत गेल्या आणि त्यांच्या कपाटांतल्या पेट्या लिलावात गेल्या. घरच्या वर्कशॉपात मात्र प्रोब क्वचित असतो, आणि घड्याळाच्या प्लेट्स, मॉडेल इंजिनं, छापील सर्किट बोर्ड अशी बारीक खुणांची कामं भरपूर. तिथे हे उपकरण अजूनही चोख काम देतं.

जुना मायक्रोस्कोप घेताना लोक आधी भिंग स्वच्छ आहे का, हे पाहतात. ते पाहावंच. जुन्या जोडभिंगांना चिकटवणारा कॅनडा बाल्सम पिवळा पडतो, कडेपासून सुटतो. काचेवर बुरशीचे धागे चढतात. पण जास्त महत्त्वाचा प्रश्न दुसरा आहे: फुली शँकच्या अक्षावर आहे का? पेटी कधी पडली असेल, प्रिझम किंचित हललं असेल, तर प्रतिमा सुरेख दिसूनही जागा चुकीची मिळेल. याची तपासणी भूमापनातल्या उपकरणांइतकीच जुनी आहे. कागदावर बारीक ठिपका घ्या, तो फुलीवर आणा आणि स्पिंडल 180 अंश फिरवा. ठिपका फुलीवरच राहिला तर ठीक. सरकला तर दिसणारं अंतर खऱ्या चुकीच्या दुप्पट असतं. त्यातलं निम्मं टेबल सरकवून काढायचं, निम्मं फुलीभोवतीच्या चार बारीक स्क्रूंनी. दोन-तीन फेऱ्यांत फुली अक्षावर येते. तिरपी नेत्रिका असेल तर पुढून आणि मागून पाहायला जाऊ नका, मागे मशीनचा उभा खांब, म्हणजे कॉलम, आडवा येतो. डावीकडून एकदा आणि उजवीकडून एकदा पाहा. त्यांतही 180 अंशांचंच अंतर आहे.

स्क्रू गंजून बसले असतील तरी उपकरण टाकाऊ होत नाही. स्पिंडल फिरवताना जी खूण फुलीपासून दूर असूनही रेटिकलवरच्या एकाच जागी थांबते, ती खूण अक्षावर आहे. म्हणजे वाकड्या मायक्रोस्कोपमधूनही खरा अक्ष सापडतो, थोडी चिकाटी लागते इतकंच. हा गुण मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे तपासणीसाठी कोणत्याही प्रयोगशाळेकडे जावं लागत नाही.

अडचणी येतात त्या बहुधा मशीनकडून. मोठ्या कंपन्यांच्या मायक्रोस्कोपना त्यांचेच खास टेपर (निमुळते शँक) असतात, तेव्हा सरळ शँकचा नग मिळाला तर कोलेटमध्ये, म्हणजे आवळून धरणाऱ्या कडीत, धरणं सोपं. शिवाय मायक्रोस्कोप उंच असतो. सेंटर काढून झाल्यावर त्याच्या जागी ड्रिल लावायला मशीनचं डोकं, म्हणजे स्पिंडलचा भाग, वर-खाली करावं लागलं आणि कॉलम गोल असला, तर डोकं बाजूला वळतं आणि काढलेलं सेंटर जातं. डव्हटेल कॉलमवर, म्हणजे डोकं तिरप्या खाचेत सरळ सरकतं तिथे, हे होत नाही, पण कॉलम आणि स्पिंडल 100 मिलिमीटरला 0.05 मिलिमीटरने समांतर नसतील, तर तेवढं डोकं सरकवताना तेवढीच चूक येते. शक्य तिथे क्विलच्या (डोक्यातून स्पिंडल वर-खाली नेणाऱ्या नळीच्या) चालीतच काम उरकावं. ड्रिल आखूड न घेता लांब आर्बरमध्ये (धरायच्या दांड्यात) धरलं की उंचीतला फरक कमी होतो.

उजेडाकडे नीट लक्ष द्यावं लागतं. स्क्रायबरची रेघ म्हणजे व्ही आकाराची चर. एका बाजूने दिवा लावला तर तिची एकच भिंत चमकते आणि डोळा तिलाच रेघ समजतो. जुन्या नगांतले छोटे बल्ब सहसा गेलेलेच असतात, त्यामुळे वस्तुभिंगाभोवती एलईडीची गोल कडी बसवली की दोन्ही भिंती सारख्या उजळतात आणि रेघेचा तळ मधोमध काळा दिसतो. फुली त्या काळ्या रेषेवर आणायची.