सात शून्यं आणि एक एकेचाळीस

पुण्यात पाऊस लागला की कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर, झाकण नसलेली पिंपं भरतात आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्या शोधायचं काम सुरू होतं. समजा, कोथरूडच्या एका सोसायटीत दहा भांडी तपासली आणि अळ्या मोजल्या: ०, ०, ०, ३, ०, ४१, ०, ०, ७, ०. सरासरी ५.१, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) सुमारे १२.८. सवयीप्रमाणे सरासरीच्या अलीकडे-पलीकडे दोन प्रमाण विचलनं घेतली, तर पट्टा उणे २० पासून ३१ पर्यंत येतो. उणे वीस अळ्या कुठल्याच टायरात नसतात, आणि प्रत्यक्ष सापडलेल्या ४१ मात्र पट्ट्याबाहेर राहतात.

यावर बरेच जण प्रत्येक आकड्यात १ मिळवून लॉग घेतात. शून्यात एक मिळवला की एक, आणि एकाचा लॉग पुन्हा शून्य. सात शून्यांचा ढीग जागचा हलतही नाही.

मोजणीचे आकडे घंटेच्या आकाराच्या 'नॉर्मल' वितरणात कोंबण्यापेक्षा मोजणीलाच शोभणारं वितरण, म्हणजे कोणता आकडा किती वेळा येईल याचा साचा, निवडावं. नेल्डर आणि वेडरबर्न या संख्याशास्त्रज्ञांनी १९७२ साली ही वाट एकाच चौकटीत मांडली. पहिला उमेदवार पॉइसन. त्याची अट कडक आहे: सरासरी आणि व्हेरिअन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) सारखेच हवेत. आपल्याकडे ५.१ ला १६४! सरासरी ५.१ असेल तर पॉइसनच्या मते रिकामं भांडं हजारात सहा वेळा मिळावं. आपल्याला दहात सात मिळाली. ऋण द्विपदी वितरणात व्हेरिअन्स म्हणजे सरासरी अधिक सरासरीचा वर्ग भागिले के; के जितका लहान, तितके आकडे जास्त विखुरलेले. इथे के साधारण ०.१६ येतो, आणि तेवढ्यावरच हे वितरण सुमारे ५७ टक्के भांडी रिकामी असतील असं सांगतं. शून्यं खूप दिसली की लगेच शून्यांसाठी वेगळं मॉडेल जोडायची घाई म्हणूनच करू नये. हौदात गप्पी मासे सोडले असतील, म्हणजे अळी टिकण्याची शक्यताच नसेल, तर वेगळ्या मॉडेलला खरा आधार मिळतो. मोजताना वहीत 'मासे आहेत' एवढं लिहून ठेवलं तरी पुढचा बराच त्रास वाचतो.

आमच्या मते वितरणापेक्षा मोठा घोळ दुसरीकडेच होतो. समजा, झाकणाने अळ्या कमी होतात का हे पाहायचं आहे: तीस सोसायट्या, प्रत्येकी दहा भांडी, म्हणजे ३०० ओळी. पण ही ३०० स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एका सोसायटीचा माळी एकच, पाणी साठवायची सवय एकच, शेजारचं बांधकामही एकच. एकाच सोसायटीतल्या भांड्यांमधला सहसंबंध ०.३ असेल, तर ठोकळ हिशेबाने ३०० भागिले ३.७, म्हणजे जेमतेम ८१ ओळींइतकीच माहिती हातात असते. हे विसरलं की पी-मूल्यं (परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) खोटी लहान येतात आणि नसलेले परिणाम दिसू लागतात.

मिश्र मॉडेल नेमकं इथे कामाला येतं. झाकण आणि भांड्याचा प्रकार हे स्थिर परिणाम, म्हणजे सगळीकडे सारखेच धरलेले; सोसायटी हा यादृच्छिक परिणाम, म्हणजे प्रत्येक सोसायटीला स्वतःची थोडी वर-खाली झालेली पातळी. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये जीएलएमएमटीएमबी हे पॅकेज यासाठी सोयीचं आहे. ताटलीतलं सगळं पाणी तपासलं, पण पिंपातून डिपरने (लांब दांड्याच्या पळीने) तीनच वेळा पाणी काढलं, तर तपासलेल्या पाण्याच्या मापाचा लॉग 'ऑफसेट' म्हणून, म्हणजे मापातल्या फरकाची ठरलेली भरपाई म्हणून, द्यायलाच हवा. नाहीतर पिंप उगाच स्वच्छ ठरतं.

उत्तर लॉगच्या मापात येतं. झाकणाचा गुणांक उणे १.२ आला, तर अळ्या ०.३ पट, म्हणजे ७० टक्के कमी. सोसायट्यांमधलं प्रमाण विचलन ०.८ आलं, तर साधारण ९५ टक्के सोसायट्या मधल्या सोसायटीच्या ०.२ ते ४.८ पटीत बसतात. इथे एक खाच आहे: सगळ्या सोसायट्यांची सरासरी ही मधल्या सोसायटीएवढी नसते, ती तिच्या १.३८ पट असते. अहवालात यातली कुठली संख्या दिली आहे ते स्पष्ट लिहावं.

गणित अडकलं की सॉफ्टवेअर 'कन्व्हर्ज झालं नाही', म्हणजे उत्तर स्थिरावलं नाही, असं बजावतं. अनेकदा कारण साधं असतं: पाण्याचं माप पाव लिटरपासून हजार लिटरपर्यंत तसंच टाकलेलं असतं. त्याचा लॉग घ्या किंवा त्याला प्रमाणित करा, म्हणजे सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागा. सोसायट्या पाच-सहाच असतील, तर त्यांच्यातला फरक शून्यावर जाऊन चिकटू शकतो. तेव्हा त्यांना स्थिर परिणाम म्हणून घेणं बरं. आणि 'अळी आहे की नाही' एवढंच मोजलं असताना झाकणवाल्या एकाही भांड्यात अळी सापडली नाही, तर गुणांक अफाट मोठा येतो, त्याची प्रमाण त्रुटी (त्या गुणांकातली अनिश्चितता) त्याहूनही मोठी. हा परिणाम प्रचंड असल्याचा पुरावा नव्हे. त्या गटात मॉडेलला मोजण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

शेवटची तपासणी हिस्टोग्रामवर सोडू नये. साध्या रिग्रेशनलाही मूळ आकडे नॉर्मल असण्याची गरज नसते. अट असते ती मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांतल्या उरलेल्या फरकांवर. आणि मोजणीच्या मॉडेलमध्ये ते फरकही नॉर्मल नसतात. त्यापेक्षा बसवलेल्या मॉडेलकडून ३०० भांड्यांचे हजार बनावट संच तयार करून घ्यावेत. 'धर्मा' हे पॅकेज याच तत्त्वावर चालतं. त्या संचांमध्ये रिकामी भांडी किती आणि सर्वांत मोठा आकडा केवढा, हे आपल्या वहीशी ताडून पाहावं. हजारांतल्या एकाही संचात २० च्या वर आकडा जात नसेल, तर त्या मॉडेलला ४१ अळ्यांचा टायर दिसलेलाच नाही. पुन्हा वितरणाच्या निवडीपासून सुरुवात करावी.